क्षयरोग: एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या रुग्णात नेमका फरक कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच घरातल्या दोन भावांना वर्षभराच्या अंतराने क्षयरोग झाला. थोरल्याला एचआयव्हीची बाधा नाही. त्याच्या थुंकीत जंतू सापडले, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसली आणि सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा झाला. धाकट्याला एचआयव्हीची बाधा असल्याचे अलीकडेच कळले. त्याला महिनाभर ताप होता, वजन बरेच उतरले होते, खोकला मात्र नावापुरता होता. थुंकीची तपासणी दोनदा निगेटिव्ह आली आणि एक्स-रे ‘जवळजवळ नॉर्मल’ असल्याचे सांगण्यात आले. तरीही डॉक्टरांनी क्षयरोगाची औषधे सुरू केली, एचआयव्हीची औषधे, म्हणजे एआरटी, दोन आठवडे पुढे ढकलली आणि नंतर त्यांतली एक गोळी दिवसातून दोनदा घ्यायला सांगितली. एआरटी सुरू होऊन आता तीन आठवडे झाले आहेत आणि मानेत गाठी सुजल्या आहेत, ताप पुन्हा आला आहे. निदान चुकले का, औषधे लागू पडत नाहीत का, आणि एकच आजार दोन भावांत इतका वेगळा कसा, असे घरच्यांनी विचारले आहे.

रुग्णाला न तपासता अंतिम मत देणे योग्य नाही, हे आधी सांगतो. पण दिलेल्या माहितीत निदान चुकल्याची खूण मला दिसत नाही. उलट, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी उचललेले प्रत्येक पाऊल समजण्यासारखे आहे. ते समजण्यासाठी एक गोष्ट मनात पक्की करावी लागते: क्षयरोगाची जी लक्षणे आणि ज्या खुणा आपल्या परिचयाच्या आहेत, त्यांतील बहुतेक जंतूंनी थेट निर्माण केलेल्या नसतात, त्या शरीराने जंतूंना दिलेल्या प्रत्युत्तरातून निर्माण होतात. प्रत्युत्तर देणारी यंत्रणाच दुबळी झाली की जंतू तेच राहतात, पण आजाराचे रूप बदलते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये ज्या जंतूचा शोध लावला, तोच जंतू दोन्ही भावांच्या शरीरात आहे. हवेतून तो फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांत पोचतो, तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण पुष्कळदा मारू शकत नाहीत. मग सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी, मदतीला येतात, भक्षक पेशींना चेतवतात आणि सगळ्या मिळून जंतूंभोवती पेशींची घट्ट गाठ तयार होते. निरोगी माणसात जंतू या गाठीत वर्षानुवर्षे अडकून राहतात. असा सुप्त संसर्ग असलेल्या, पण एचआयव्ही नसलेल्या माणसाला उभ्या आयुष्यात क्षयरोग होण्याची शक्यता ५ ते १० टक्के असते. एचआयव्हीची बाधा असून उपचार चालू नसतील, तर जवळजवळ तेवढीच जोखीम दर वर्षाला असते. राखेखालचा निखारा तोच, पण वरची राखच वाऱ्याने उडून गेलेली असते. एचआयव्ही नेमका सीडी-४ पेशींवर घाला घालतो, त्यामुळे ही गाठ धड बांधली जात नाही आणि बांधलेली असेल तर सुटते.

थोरल्या भावाच्या फुप्फुसातील पोकळी म्हणजे जोरदार प्रतिकाराचा परिणाम होय. प्रतिकाराच्या भरात गाठीच्या मध्यभागी फुप्फुसाचा भाग मृत होतो, दह्याच्या चक्क्यासारखा मऊ पडतो, श्वासनलिकेत फुटतो आणि तिथे पोकळी उरते. त्या पोकळीत भरपूर हवा मिळाल्याने जंतू कोट्यवधींनी वाढतात आणि खोकल्यावाटे बाहेर पडतात. म्हणून त्याला खोकला होता, म्हणूनच थुंकी पॉझिटिव्ह होती आणि म्हणूनच तो घरातल्यांना संसर्ग देण्याच्या स्थितीत होता. धाकट्याच्या शरीरात ही साखळी पहिल्याच टप्प्यावर तुटते. सीडी-४ पेशी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ३५० च्या वर असतील, तर एचआयव्हीबाधिताचा क्षयरोगही थोरल्या भावासारखाच दिसतो. त्या २०० च्या खाली गेल्या की पोकळ्या क्वचित होतात, जंतू श्वासनलिकेत फारसे येत नाहीत आणि रक्त व लसिका (लिम्फ) यांवाटे शरीरभर पसरतात. फुप्फुसाबाहेरचा क्षयरोग म्हणजे लसिकाग्रंथींचा, फुप्फुसाच्या आवरणाचा, पोटाचा, मेंदूच्या आवरणाचा. असा आजार एचआयव्ही नसलेल्यांत पाचातल्या एखाद्या रुग्णात आढळतो. एचआयव्ही बळावलेल्या रुग्णांत त्याचे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते.

एक्स-रेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘जवळजवळ नॉर्मल’ या शेऱ्यानेच सर्वाधिक घोटाळा होतो. क्षयरोग म्हटला की नजर आपोआप फुप्फुसाच्या वरच्या भागाकडे जाते. कमी सीडी-४ असलेल्या रुग्णाचा एक्स-रे पाहताना मी आधी मधला भाग पाहतो. श्वासनळीच्या उजव्या कडेला एरवी बारीक, सरळ रेघ दिसते; ती जाड झालेली, बाहेर फुगलेली असेल, तर तिथल्या लसिकाग्रंथी सुजल्या आहेत असे समजायचे. फुप्फुसांच्या मुळाशी असलेली सावली दोन्हीकडे सारखी आहे का, हे पाहायचे. खालच्या भागातला न्यूमोनियासारखा डाग साध्या अँटिबायोटिकने गेला का, हे विचारायचे. शेवटी खोलीतला दिवा मंद करून फुप्फुसभर विखुरलेले एक-दोन मिलिमीटरचे ठिपके शोधायचे; ते पहिल्या आठवड्यात एक्स-रेवर उमटतही नाहीत आणि दोन आठवड्यांनी काढलेल्या दुसऱ्या एक्स-रेत स्पष्ट दिसतात. काही रुग्णांचा एक्स-रे खरोखरच निर्दोष असतो आणि तरीही जंतू शरीरात असतात.

थुंकीच्या तपासणीचेही असेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लाल रंगाच्या काडीसारखा जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये सुमारे पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. पोकळी नसलेल्या रुग्णाच्या बेडक्यात तेवढे जंतू नसतातच. त्यात अशक्त रुग्ण डबीत बहुधा लाळच देतो. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीन दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला घट्ट बेडका हवा, हे त्याला समोर उभे राहून कोणी सांगितलेले नसते. म्हणून सूक्ष्मदर्शकाचा निगेटिव्ह अहवाल एचआयव्हीबाधिताच्या बाबतीत क्षयरोग नसल्याचा पुरावा मानत नाहीत, आणि अशा रुग्णाची पहिली तपासणी जंतूंची जनुके शोधणाऱ्या जनुकीय चाचणीनेच करावी असा आता नियम आहे. सीबीनॅट ही चाचणी मिलिलिटरमागे शे-सव्वाशे जंतू असले तरी ओळखते आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतील की नाही, हेही दोन तासांत सांगते. गोव्यातील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही भारतीय चाचणी याच तत्त्वावर चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिला मान्यता दिली आणि तिचे यंत्र बॅटरीवर चालत असल्याने ती प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोचू शकली. धाकट्या भावाच्या ‘दोनदा निगेटिव्ह’ तपासण्या सूक्ष्मदर्शकाच्या होत्या की सीबीनॅटच्या, हे केस पेपरवर जरूर पाहावे.

सीबीनॅटही निगेटिव्ह आले, तरी शोध थांबवायचा नसतो. पोटाची सोनोग्राफी ही तालुक्याच्या गावीही होणारी तपासणी अशा वेळी फार उपयोगी ठरते: पोटातल्या सुजलेल्या ग्रंथी, मध्यभागी काळसर दिसणाऱ्या, आणि प्लीहेत उमटलेले बारीक काळे ठिपके, हे चित्र ताप व वजनघट असलेल्या एचआयव्हीबाधितात दिसले की बहुतेक वेळा तो क्षयरोगच असतो. मानेत किंवा काखेत गाठ असेल, तर सुईने पाणी काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली आणि सीबीनॅटमध्ये, दोन्हीकडे तपासावे. गंमत नव्हे, पण विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, ज्या रुग्णाच्या बेडक्यात एकही जंतू सापडत नाही, त्याच्या गाठीतल्या पाण्यात कधीकधी काड्यांचे झुबके दिसतात, कारण तिथे त्यांना अडवणारे कोणी उरलेले नसते. सीडी-४ फार कमी असतील किंवा रुग्ण अत्यवस्थ असेल, तर लघवीतून जंतूच्या आवरणाचा घटक ओळखणारी लॅम चाचणी अर्ध्या तासात उत्तर देते. एचआयव्ही नसलेल्या रुग्णात तिचा उपयोग होत नाही. ट्युबरक्युलिन चाचणीत जंतूंचे प्रथिन त्वचेत टोचून येणारी सूज मोजतात; ही सूज प्रतिकारशक्तीच आणते, म्हणून तिचा निकषही वेगळा ठेवावा लागतो: इतरांत साधारण १० मिलिमीटरची सूज पॉझिटिव्ह धरतात, एचआयव्हीबाधितात ५ मिलिमीटरची, आणि सूज मुळीच आली नाही तरी निर्धास्त होता येत नाही.

लक्षणांची चौकशीही दोघांत सारखी करत नाहीत. एरवी दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तपासणी सांगतात. एचआयव्हीबाधिताला मात्र प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारायचे असतात: खोकला आहे का, मग तो कालपासूनचा का असेना, ताप किंवा संध्याकाळची कसर आहे का, वजन उतरले का, रात्री घामाने अंग भिजते का. एकाचे उत्तर ‘हो’ आले, तरी क्षयरोगाची तपासणी करायची.

आता उपचारांकडे येतो. औषधाला दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार दोघा भावांसाठी एकच आहे: दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायरॅझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, त्यानंतर चार महिने पायरॅझिनामाइड वगळून उरलेली तीन, रोज, वजनाप्रमाणे. मेंदूच्या आवरणाचा किंवा हाडांचा क्षयरोग असेल तर मुदत वाढते. ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पूर्वी ही औषधे आठवड्यातून तीनदा देत असत. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने एचआयव्हीबाधित रुग्णांवर केलेल्या अभ्यासात रोजचे उपचार स्पष्टपणे सरस ठरले आणि एक दिवसाआड औषध घेणाऱ्यांत रिफॅम्पिसिनला दाद न देणारे जंतू तयार होण्याचा धोका दिसून आला. देशभर सर्वच रुग्णांना रोजच्या गोळ्या २०१७ पासून मिळू लागल्या. याशिवाय एचआयव्हीबाधिताला को-ट्रायमॉक्साझोल देतात, ज्याने इतर जंतुसंसर्ग टळतात, आणि हातापायांची आग होऊ नये म्हणून पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, देतात.

एआरटी दोन आठवडे पुढे का ढकलली, हा घरच्यांना पडेल असा सर्वांत रास्त प्रश्न आहे. ज्याची प्रतिकारशक्ती ढासळली आहे, त्याला ती परत देणारे औषधच मागे का ठेवायचे? याचे कारण असे की, शरीरात जंतूंचा भार प्रचंड असताना प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली, तर ती सगळीकडे एकाच वेळी तुटून पडते आणि त्या दाहाने रुग्णालाच अपाय होतो. म्हणून आधी क्षयरोगाच्या औषधांनी जंतूंची संख्या खाली आणतात. पण फार थांबणेही घातक आहे. कंबोडियात ६६१ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांना क्षयरोगाच्या औषधांनंतर दोन आठवड्यांनी एआरटी दिली आणि निम्म्यांना आठ आठवड्यांनी. या रुग्णांची सीडी-४ संख्या अतिशय कमी, मध्यक २५ (म्हणजे निम्म्यांची त्याहून कमी), होती. लवकर एआरटी मिळालेल्यांत १८ टक्के दगावले, उशिरा मिळालेल्यांत २७ टक्के. लवकर सुरू केलेल्यांत गाठी सुजणे, ताप येणे हा त्रास अधिक झाला, तरीही जगण्याची शक्यता त्यांचीच जास्त राहिली. दोन आठवड्यांचा हिशेब यातून आला आहे. अपवाद मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगाचा: कवटीच्या बंदिस्त जागेत थोडीही सूज जीवघेणी ठरते, म्हणून तिथे एआरटी चार ते आठ आठवडे थांबवतात.

गोळी दिवसातून दोनदा देण्याचे कारण वेगळे आहे. सध्याच्या एआरटीतील मुख्य औषध डोलुटेग्राविर आहे. रिफॅम्पिसिन यकृतातील औषधे मोडणारी यंत्रणा इतकी वेगवान करते की, डोलुटेग्राविरची रक्तातली पातळी खाली येते. ती भरून काढण्यासाठी सकाळच्या एकत्रित गोळीखेरीज संध्याकाळी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते. ही जास्तीची गोळी चुकून राहून गेली, तर क्षयरोग बरा होताना एचआयव्हीचा विषाणू मात्र औषधाला सरावू लागतो. ज्यांची एआरटी अटॅझानाविर किंवा लोपिनाविरवर आधारलेली आहे, त्यांना बहुधा रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देतात. क्षयरोगाची औषधे एका ठिकाणाहून आणि एआरटी दुसऱ्या ठिकाणाहून घेणाऱ्या रुग्णांनी दोन्हीकडची कार्डे दोन्ही डॉक्टरांना दाखवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खासगी दवाखान्यात क्षयरोगावर उपचार घेणारे काही रुग्ण लाजेने एचआयव्हीची गोष्ट लपवतात, आणि या संध्याकाळच्या गोळीचा विषयच निघत नाही.

आता मानेतल्या गाठी. आधी बरे वाटू लागणे, एआरटी सुरू होणे आणि मग दोन-चार आठवड्यांत ताप परतून गाठी सुजणे, हा क्रम प्रतिकारशक्ती परतल्याचा आहे. इतके दिवस जंतूंकडे दुर्लक्ष करणाऱ्या पेशी आता त्यांना ओळखू लागल्या आहेत, आणि थोरल्या भावाच्या शरीरात पहिल्यापासून जे चालले होते ते धाकट्याच्या शरीरात आत्ता सुरू झाले आहे. तरीही हे निदान गृहीत धरून चालत नाही. तीन शक्यता आधी तपासून बाजूला ठेवाव्या लागतात. जंतू औषधाला दाद न देणारे आहेत का, त्यासाठी गाठीतल्या पाण्याची सीबीनॅट आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची) तपासणी करावी. गोळ्या खरोखर रोज पोटात जात आहेत का, हे प्रेमाने पण स्पष्ट विचारावे. गाठींमागे लसिकाग्रंथींचा कर्करोग किंवा दुसरा संसर्ग आहे का, हेही पाहावे. हे नसेल, तर दोन्ही औषधे चालूच ठेवायची असतात. गाठ पिकली तर सुईने रिकामी करतात. त्रास जास्त असेल तर काही आठवडे प्रेडनिसोलोन हे दाह कमी करणारे स्टेरॉइड देतात. केपटाउनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीडी-४ शंभर किंवा त्याहून कमी असलेल्यांना एआरटीबरोबरच प्रेडनिसोलोन दिल्यावर हा त्रास सुमारे ४७ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आला. घाबरून एआरटी परस्पर बंद करणे हीच यातली सर्वांत मोठी हानी ठरेल. मात्र डोकेदुखी, उलट्या, गुंगी, श्वास लागणे किंवा डोळे पिवळे होणे यांपैकी काही दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची शक्यता मी वर सर्वांत आधी मांडली, त्याला कारण आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतातील तुगेला फेरी या खेड्यात २००५-०६ मध्ये बहुतेक सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे ५३ रुग्ण सापडले, त्यांपैकी ५२ दगावले. ज्यांची एचआयव्ही तपासणी झाली होती ते सगळे बाधित होते आणि थुंकीचा नमुना घेतल्यापासून निम्मे रुग्ण सोळा दिवसांच्या आत गेले. एचआयव्ही नसलेल्या रुग्णाला चुकीच्या औषधांवरही काही महिने तग धरता येते, एचआयव्ही बळावलेल्याला तेवढी सवड नसते. आज अशा क्षयरोगावर बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड आणि लिनेझोलिड यांवर आधारलेला सहा महिन्यांचा उपचार आहे, पण तो वेळेवर सुरू व्हायचा तर जंतूंची औषधांना दाद आहे की नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळायला हवे.

घरातल्या इतरांबद्दलही सांगायला हवे. क्षयरोग झालेल्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी व्हावी असे धोरण आहे. थोरल्या भावाची ती झाली होती. पण त्याला क्षयरोग झाला तेव्हा घरातल्या सर्वांची क्षयरोगासाठी तपासणी झाली असती आणि धाकट्याची एचआयव्हीची बाधा तेव्हाच कळली असती, तर त्याला प्रतिबंधक उपचार मिळाले असते. एचआयव्हीबाधिताला क्षयरोग नसल्याची खात्री झाल्यावर सहा महिने आयसोनियाझिड, किंवा आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे आयसोनियाझिड व रिफापेंटिन देतात. घरात थुंकी पॉझिटिव्ह रुग्ण असेल तर लहान मुलांना आणि आता मोठ्यांनाही असे उपचार देण्याची राष्ट्रीय कार्यक्रमात तरतूद आहे. धाकट्याच्या पत्नीची आणि मुलांची क्षयरोग व एचआयव्ही या दोन्हींसाठी तपासणी अजून झाली नसेल, तर ती या आठवड्यात करून घ्यावी. त्याची एचआयव्हीची माहिती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तो त्याला दिला आहे, आणि नातेवाइकांनी किंवा दवाखान्यातील कोणीही तो डावलू नये.

शेवटी एक अगदी छोटी, पण हमखास विसरली जाणारी बाब. सहा महिन्यांनी क्षयरोगाची औषधे बंद होतील, पण रिफॅम्पिसिनचा यकृतावरचा परिणाम लगेच ओसरत नाही. म्हणून संध्याकाळची डोलुटेग्राविरची गोळी त्यानंतर आणखी दोन आठवडे घ्यायची असते. ती बंद करण्याची तारीख एआरटी केंद्रात विचारून आजच कार्डावर लिहून घ्यावी.